तीन रविवारांचा नियम

नवीन जालना,
संक्रांत, २००८

प्रिय अरुंधती,

तू पाठवलेला तिळगूळ पोचला. वाटी तशीच झाकून ठेवली आहे. तुझ्या घरचं खाऊन तुझ्यावरच रागावणं बरं दिसत नाही, म्हणून आधी राग, मग तिळगूळ. दोन घरं पलीकडे राहणाऱ्या बाईला पत्र लिहिते म्हणजे प्रेमलाचं डोकं फिरलं, असं तू वामनरावांना म्हणशील. खुशाल म्हण. पण पत्र शेवटपर्यंत वाच.

परवाच्या रविवारी तू माझं गाणं दुसरीला दिलंस, आणि तेही माझ्या डोळ्यांदेखत. मी शाल गुंडाळून पहिल्या रांगेत बसले होते. तू वही उघडलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "प्रेमला तीन रविवार आली नाही, तेव्हा झोपाळ्याचं गाणं आता मोकळं. चालेल ना गं?" आणि लगेच माईक त्या बँकेच्या नव्या मॅनेजरच्या बायकोच्या हातात. तिचं काही चुकलं नाही. बरी गायली बिचारी, फक्त दुसऱ्या कडव्यात घाई केली. तिचं गाणं संपल्यावर टाळ्या वाजवताना तू माझ्याकडे बघून हसलीस. त्या हसण्याने माझं जे काही पेटलं आहे, ते अजून विझलेलं नाही.

हे गाणं माझं कसं झालं हे तुला सांगायची वेळ यावी? गणपतीत वामनरावांनी ते कॅराओकेचं यंत्र आणलं, तेव्हा पहिला महिना नुसता गोंधळ होता. ज्याच्या हातात माईक तो राजा. वामनराव स्वतः एका बैठकीत पाच-पाच गाणी म्हणायचे आणि बाकीचे चिवडा खात बसायचे. मग आपण दोघींनी तुझ्या ओट्यावर बसून नियम केले, आणि साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी ते स्केचपेनने लिहिले. सगळ्यांचं एकेक झाल्याशिवाय कुणी दुसरं म्हणायचं नाही. वहीत ज्याच्या नावापुढे जे गाणं, ते त्याचंच. दुसरा गात असताना खाली बसून गुणगुणायचं नाही, हा खास तुझ्यासाठी होता. आणि चौथा, तू सुचवलेला: तीन रविवार कुणी आलं नाही तर त्याचं गाणं मोकळं. मला तो तेव्हा फार हुशारीचा वाटला. अक्षर माझंच आहे, नाकारत नाही.

आयुष्यभर मी स्वयंपाकघरात गायले. कुकरची शिट्टी झाली की गाणं तिथेच तोडायचं. सासूबाई गेल्या, मुलगी नाशिकला गेली, हेही गेले, आणि पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव पुकारलं, माझ्यासाठी गाणं लावलं आणि चार मिनिटं सगळे गप्प बसून ऐकत राहिले. तुझ्या लेखी ती वहीतली एक ओळ असेल. मी आठवडाभर त्या ओळीवर जगत होते, अरुंधती.

आता राग आलाच आहे तर तो सगळीकडे जाऊ दे. गेले दोन दिवस तुला मनातल्या मनात शिव्या देताना मला सारख्या दुर्गाबाई आठवत आहेत. नातवांच्या शाळेसाठी धावड्याहून इथे येऊन राहिलेल्या त्या बाईला उभ्या जन्मात एकच गाणं येत होतं, जात्यावरच्या पहाटेचं. दिवाळीनंतर कापूस वेचणीला त्या गावी गेल्या आणि तीन रविवार चुकले. चौथ्या रविवारी त्या परत येऊन दाराशी बसल्या होत्या, आणि ते गाणं मी म्हटलं. मी. माझं स्वतःचं असताना. आधी त्यांना विचारलं होतं म्हणा. त्या म्हणाल्या, "गा की बाई तुम्ही. गाणं काय माझ्या सातबाऱ्यावर लिवलेलं न्हाई." आपण सगळ्या किती हसलो. त्याही हसल्या, टाळ्या वाजवल्या, आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. त्या का येत नाहीत, असं तू विचारलं नाहीस आणि मीही विचारलं नाही.

काल मी त्यांच्याकडे गेले. सोबत तो पुठ्ठा नेला होता. त्यांच्यासमोर चौथा नियम काळ्या पेनने खोडला आणि हात जोडले. त्या पुठ्ठ्याकडे बघतच नव्हत्या, माझ्या गळ्याकडे बघत होत्या. शाल बाजूला करून त्यांनी टाके पाहिले आणि म्हणाल्या, "कधी झालं हे? आन् एकट्याच गेल्त्या व्हय?" बस, एवढंच. मग चहा टाकायला उठल्या, आणि मी त्यांच्या ओसरीवर बसून रडले.

तुला सांगितलं होतं तशी मी नाशिकला लेकीकडे गेले नव्हते, अरुंधती. औरंगाबादला दवाखान्यात होते. गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण तेव्हापासून आवाज फुटत नाही. सहा महिन्यांत येईल, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टर म्हणतात. म्हणून हे पत्र. रविवारी तू "चालेल ना" विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले होते. ओठ हलले, तू वहीत बघत होतीस. येत्या रविवारी पहिली पाळी दुर्गाबाईंची, त्यांच्याच गाण्याची. त्या येणार आहेत. त्यानंतर माझं नाव नेहमीसारखं मोठ्याने पुकारायचं आणि झोपाळ्याचं गाणं लावायचं. कुणी गायचं नाही, तू गुणगुणायचंही नाही. मी माईक धरून उभी राहीन, पेटी-तबला वाजून संपेपर्यंत.

तिळगूळ त्यानंतर खाईन.

अजून तरी तुझीच,
प्रेमला