पाणमांजर यादीत नाही

१३ जाने. २००३, सोम.
पाणमांजरं परत दिसली. बसमधून उतरून पूल ओलांडताना, म्हसोबाच्या डोहात. पावणेआठ वाजलेले. तीन होती, एकाच्या तोंडात हा एवढा मासा. वर्गात सांगितलं तर पोरं बाकावरच उभी. हेडसर म्हणाले, "मुंगूस असंल, बाई." मुंगूस कयाधू नदीत बुड्या मारतं का, सर? सर शालेय पोषण आहाराचा तांदूळ मोजायला निघून गेले.

१६ जाने.
अर्धी रजा टाकून कळमनुरीला, वन खात्याच्या ऑफिसात. गार्ड बसले होते. "पाणमांजर आपल्या जिल्ह्यात न्हाई, म्याडम. यादीत न्हाई." म्हटलं, नदीत आहे. "पण यादीत न्हाई ना." डोकंच फिरलं. डोहात जिलेटिनच्या कांड्या फोडून मासे मारतात, ते तरी थांबवा म्हटलं. तर म्हणे, संरक्षित प्राणी असल्याची नोंद झाली की बघू. शेवटी एक फॉर्म दिला. ठिकाण, वेळ, दोन साक्षीदार.
उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांडीवाले येणारच. त्याआधी नोंद व्हायला हवी. डोहाकाठच्या जांभळीच्या मुळाखाली त्यांचं बीळ आहे, एक कांडी पुरे.

२१ जाने.
साक्षीदार मिळेना! तांड्यावरचा रामधन रोज पहाटे डोहावर पाण्याची मोटार चालू करायला जातो, त्याने ती शंभरदा पाहिलीत. सही मात्र नाही. "साहेब लोक पाणमांजर पाहाया येतील अन् माझी मोटारच पाहून जातील. परवाना कुठंय तिला?" बरोबरच आहे म्हणा. पण मग मी कोणाकडे जाऊ? हे (घरचे) म्हणतात, तुला शाळेची कामं कमी आहेत का?

२६ जाने.
आज डोकं चालवलं. झेंडावंदनाला सगळा तांडा आणि गाव येतं, म्हणून दर्शनी फलकावर रंगीत खडूने पाणमांजर काढलं आणि खाली लिहिलं: कोठे दिसते? म्हसोबाचा डोह, जांभळीखाली. केव्हा? सकाळी पावणेआठ. ज्यांनी पाहिले त्यांनी बाईंना भेटावे.
चौदा जण भेटले! त्यातल्या निम्म्यांनी पाहिलेलं नाही, तरी अंगठा द्यायला तयार. हेडसर म्हणाले, अक्षर छान आहे, तपासणीपर्यंत पुसू नका. फार बरं वाटलं आज.

३ फेब्रु., सोम.
रामधन पुलावरच उभा होता. काल सकाळी परगावचे दोघं आले, कोणाला काही विचारलं नाही. थेट जांभळीखाली लोखंडी फासे लावले. रामधन पोचेपर्यंत एक गेलं होतं, पोत्यात. कातडं विकतात म्हणे. त्याने उरलेले फासे उपटून डोहात फेकले. त्यांना विचारलं, तुमाला हितलं कुणी सांगितलं? तर म्हणे, शाळेच्या फळ्यावर लिहेल हाय.
हात दाखवून अवलक्षण. मी मारलं ते. दुसऱ्या कोणी नाही. दिवसभर काही शिकवलं नाही, पोरांना पाढे लिहायला लावले.

४ फेब्रु.
फलक पुसला. हेडसर चिडले. "तपासणी तोंडावर आली अन् फलक काहून पुसला?" सांगितलं. मग म्हणाले, तिथं सुविचार तरी लिहा.

११ फेब्रु.
गार्ड स्वतः शाळेत! जिल्ह्याची नवी यादी करायचं पत्र वरून आलंय. "म्याडम, शनवारपर्यंत फॉर्म द्या. पेपरातबी देऊ, ठिकाणासकट." फाशांचं सांगितलं, त्या धाकाने चौदाही साक्षीदार मागे सरले तेही. "लेखी द्या. यादीत आलं की कारवाई करू." ठिकाण गुप्त ठेवता येईल का? "रकाना कोरा असला तं फॉर्म घेत न्हाईत." हसावं की रडावं!

१४ फेब्रु., शुक्र.
शाळा सुटल्यावर रामधन न्यायला आला. उरलेली दोन डोह सोडून गेलीत, त्याला सापडलीत. मलाही दाखवली. वाळूवर ताजी विष्ठा, सगळी माशांची खवलं. पाण्यात एक डोकं वर आलं, आमच्याकडे बघून गेलं. मी तिथेच रडले.
मग त्याने पेन मागितला. "द्या फॉर्म. म्या सही करतो."
"अन् मोटार?"
"सकाळीच वर काढली. गोठ्यात ठेवली."
गहू ओंबीत आलाय त्याचा. अजून दोन पाणी तरी लागतील. याला काय म्हणावं! शिव्या द्याव्याशा वाटल्या आणि पायाही पडावंसं वाटलं.
त्याने सही केली; दुसरी हेडसरांनी दुपारीच, न पाहताच, केली होती. ठिकाणाच्या रकान्याशी माझा हात थांबला.
रामधन म्हणाला, "लिवा, बाई. न्हाई लिवलं तं कांडीवाल्याला कोण अडविल?"
"आणि लिहिलं तर फासेवाल्यांना?"
त्याने पायाने त्या विष्ठेवर वाळू ओढली. मग म्हणाला, "तुमी शिकलेल्या. तुमीच ठरवा."
उद्या सकाळची शाळा. साडेअकराची बस धरली तर कळमनुरीत साडेबारा. फॉर्मवर वेळ लिहून झाली आहे, ठिकाण अजून कोरं.