ढेकीच्या खांबाची चार भोकं

माय, आज सकाळी आपली पोहे कांडायची ढेकी उकलली आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. एका खांबाला वाळवी लागली होती म्हणून सुताराला बोलावलं होतं. तो म्हणाला, सगळंच सुटं करून पुन्हा बसवू, अजून वीस वर्षं पाहायला नको. मी ओसरीत धान निवडत बसले होते. तेवढ्यात त्याने हाक मारली, "बाई, इकडं येऊन पाह्यजा बरं. हे भोकं कायले पाडले होते?" मी उठून गेले आणि जे पाहिलं ते तुला विचारल्याशिवाय मला गिळता येत नाही. तुला जाऊन अठरा वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं आणि मीही अक्षरं शिकले ती माझ्या लेकीच्या पाटीवर, पोरं झाल्यावर. म्हणजे या पत्राला तसा काही अर्थ नाही. तरी लिहिते आहे, कारण बोलायला कोणी नाही आणि गप्प बसवत नाही.

ढेकीच्या कडेला, मुसळाच्या अलीकडे, तो बुटका खांब होता ना, ढेकी हलू नये म्हणून रोवलेला? दर दिवाळीला आपण त्याला जमिनीबरोबर माती-शेणाने सारवून काढायचो आणि त्याला टेकवून कोंड्याचं पोतं ठेवायचो. सुताराने तो उपटला आणि वाळलेली माती झाडली तर आत एकाखाली एक चार भोकं. चौथ्या भोकाच्या खाली, मातीत, सागाची एक खुंटी पडलेली. तिच्या वरच्या अंगाला मार बसून बसून खळगा पडला होता. मी म्हटलं, कसली आहेत ही भोकं? सुतार म्हातारा माणूस, त्याने आयुष्यभर ढेक्या बसवल्या आहेत. त्याने खुंटी पहिल्या भोकात घातली आणि हाताने दाखवलं. ढेकीचा लांब दांडा खाली येतो, खुंटीवर टेकतो, आणि मुसळ उखळाच्या बुडापासून वरच थांबतं. "कोनाचा तरी हात वाचवाले केलं असन, बाई. अना हे गिरमिटाचे भोकं नाईत. सळई लाल करून जाळून पाडले हायेत." मी तिथंच मातीत बसले आणि एकेका भोकात बोट घालून पाहिलं. त्याने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं मला चक्कर आली.

माय, तुझा हात मोडल्यावरचे ते चार आठवडे मी कधी विसरले नाही. फक्त ते मला वेगळेच माहीत होते. बाबा वारले त्या साली भात कापून झालं होतं आणि मामा आपल्याला न्यायला बैलगाडी घेऊन आला होता. तू त्याला जेवू घातलंस, आणि गाडी रिकामी परत पाठवलीस. "भावजयीच्या चुलीपुढं बसाचं नाई मले," एवढंच म्हणालीस. दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या बाजारात गेलीस. स्टेशनाजवळच्या दुकानदाराला घरचे पोहे दाखवलेस. तो म्हणाला, "पाच बाजार एकसारखा माल लाओ बाई, फिर देखेंगे." तू घरी आलीस आणि चुलीमागच्या भिंतीवर चुन्याची पाच बोटं उमटवलीस. मला म्हणालीस, हे पाच झाले की आपण कोणाच्या दारात जाणार नाही. एवढाच तुझा धंद्याचा बेत. पण त्याच्या पोटात सगळं होतं. धान कोणत्या दिवशी भिजवायचं, कोणत्या दिवशी भाजायचं, कोणत्या दिवशी पाखडायचं, लाकडं कधी आणायची, हे तू बोटावर मोजून ठेवलं होतंस आणि त्यात एका दिवसाचीही ढिलाई चालायची नाही. सकाळी पहिला घाणा झाला की पहिली मूठ माझ्या हातावर ठेवायचीस. "बोल, कसे झाले?" मी खाऊन सांगायचं. बरे नसतील तर बरे नाहीत म्हणायचं, तशी तुझी सक्त ताकीद होती.

आपलं काम कसं चालायचं हे मी आजही नव्या बायांना तसंच शिकवते. एक जण मागे उभी राहून ढेकीवर पाय दाबते, मुसळ वर जातं. दुसरी उखळापाशी बसून आतलं गरम धान हाताने फिरवते, हात बाहेर काढते आणि 'दे' म्हणते. 'दे' ऐकू आल्याशिवाय पाय सोडायचा नाही. आणि थांबायचंही नाही, धान गरम आहे तोवरच चपटं होतं. तू हात घालायचीस, मी पाय द्यायची. मी बारा वर्षांची होते. दोन बाजार झाले, भिंतीवरच्या दोन बोटांवर तू गेरू फिरवलास, आणि तिसऱ्याच्या आधी ते झालं. मुसळ तुझ्या उजव्या हातावर पडलं. तुझ्या तोंडातून फक्त वारा निघाला. शेजारच्या बाया धावून आल्या, हळद-चुना लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या, आणि त्यातल्या एकीने विचारलं, "काऊन व, हात आत असताना 'दे' म्हटली?" कारण मी सगळ्यांना तेच सांगितलं होतं. मायनं 'दे' म्हटलं म्हणून म्या पाय सोडला. तू माझ्याकडे पाहिलंस. मग त्या बाईला म्हणालीस, "म्हटलं असन म्याच. माह्याच तोंडातून निंगालं असन."

तीन दिवसांनी तू मला उखळापाशी बसवलंस. मला ते अजून दिसतं आहे. तुझा हात गळ्यात बांधलेला आहे, तू मागे ढेकीवर उभी आहेस, आणि मी उखळात डोकावून पाहते आहे. मी रडते आहे. मला वाटतं आहे की तू सूड घेते आहेस. जणू म्हणतेस, माझा हात तू मोडलास, आता तुझा हात घाल. तू म्हणतेस, "रडाचं असन तं रड, पर हात थांबवू नोको." जवळ घेतलं नाहीस, डोळे पुसले नाहीस. मी 'दे' म्हणायची आणि डोळे मिटायची. कधी हात काढायला उशीर व्हायचा, कधी 'दे' आधी निघायचं आणि हात मागून. मुसळ माझ्या बोटांना घासून जायचं. आज वाटतं, त्या पहिल्या आठवड्यात माझी बोटं सहज गेली असती. ती राहिली ते मी माझं नशीब समजत आले. त्या दिवसांत ढेकीचा आवाजही बदलला होता. आधी धप्प असा दबका आवाज यायचा, मग टक्क असा लाकडावर लाकूड आपटल्यासारखा यायला लागला. मी तुला विचारलंही होतं. तू म्हणालीस, लाकूड वाळलं. माझा विश्वास बसला.

आणि पोहे जाड यायला लागले. कसे नाही येणार? मुसळ तळाला जातच नव्हतं. पहिली मूठ तू माझ्या हातावर ठेवलीस, मी म्हटलं, "जाड हायेत." तू म्हणालीस, "होय. जाड हायेत." आणि पाखडायला घेतलेस. तेच जाड पोहे डोक्यावर घेऊन तू गोंदियाला गेलीस, मी मागून. दुकानदाराने मूठभर उचलले, बोटात चोळले, कोंडाही सुटला नव्हता. "बाई, ये पोहा है कि दाल?" दुकानातले हमाल हसले. पुढच्या बाजारालाही तेच. त्या दिवशी त्याने टोपलीला हातही लावला नाही, म्हणाला, "अब मत लाना." तू त्याला हाताचं काही सांगितलं नाहीस. पदराआड धरलास. येताना पांगोली नदीच्या घाटावर आपण बसलो तेव्हा मी तुला काय बोलले ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, "तुह्याच्यानं नाई होत, माय. मामाकडं जाऊन राहू." तू पाणी प्यायलीस, तोंड धुतलंस आणि उठलीस. घरी आल्यावर ओल्या फडक्याने भिंतीवरची सगळी बोटं पुसली आणि डाव्या हाताने पुन्हा पाच उमटवली. वाकडीतिकडी आली. "पैल्यापासून," म्हणालीस.

माय, मला आज कळतं आहे की त्या वेळी तुला सगळं माहीत होतं. पोहे जाड का होतात हे तुला माहीत होतं, कारण ते तूच करत होतीस. त्या दुकानदाराच्या होकारावर आपलं घर टिकणार होतं, आणि तो होकार तू माझ्या दहा बोटांसाठी सोडून दिलास, जाणूनबुजून, दोन बाजार ओळीने. मी सुताराला अंतर मोजायला लावलं. प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा दीड बोट खाली आहे. म्हणजे दर आठवड्याला माझा हात थोडा सरावला की तू कोंड्याच्या पोत्याआडची ती खुंटी एक घर खाली घेतलीस. चौथ्या आठवड्यानंतर खुंटी काढून टाकलीस, आणि मला वाटलं माझा हात आपोआप बसला. धंद्याच्या बेताआड तू दुसराच बेत चालवला होतास आणि त्याची खूण भिंतीवर नव्हती, मातीखाली होती. एका हाताने तू सळई कशी तापवली असशील? लाकूड जळल्याचा वास आला होता, हे आता आठवतं. तू मला तळ्यावर पाण्याला पाठवलं होतंस, दोन खेपा झाल्या तरी तिसरीला पाठवलंस, आणि मी चिडले होते.

तू सांगितलं का नाहीस, हे मी दुपारभर विचारत राहिले. त्याचं उत्तर मात्र मला धंद्यानेच दिलं. आज माझ्या ओसरीवर सहा बाया काम करतात. मुसळ थांबणार आहे हे एखादीला कळलं तर तिचा हात आयुष्यभर सुस्त राहील, हे मला ठाऊक आहे. तू मला भीतीसकट शिकवलंस आणि भीतीखाली खुंटी ठेवलीस. मी तुझ्या जागी असते तर मला हे सुचलं नसतं. मी फार तर पोरीला मामाकडे पाठवून दिलं असतं.

पुढचं तुला माहीतच आहे. दुकानदाराने वर्षभर दारात उभं केलं नाही. तू आठवडी बाजार धरलेस, रानाकडच्या गावांत टोपली घेऊन फिरलीस, दर पाच बाजारांनी भिंत पुसून पुन्हा बोटं उमटवलीस, आणि एक दिवस त्याचाच माणूस विचारत आला. तुझी दोन बोटं शेवटपर्यंत वाकली नाहीत. मामाच्या दारात आपण गेलो नाही. आता सगळीकडे स्वराज्याच्या गोष्टी चालल्या आहेत आणि गोंदियाच्या गिरण्यांपुढे ढेकीचं काय होणार म्हणून लोक मला विचारतात, पण आपल्या पोह्यांना अजून गिऱ्हाईक आहे.

मला धक्का बसला तो एवढ्यानेच नाही. नवी बाई कामाला आली की पहिल्या दिवशी मी तिला उखळापाशी बसवते आणि एक गोष्ट सांगते. किती वर्षं सांगते आहे, मोजायला नको. माझ्या मायनं हात आत असताना 'दे' म्हटलं अना तिची दोन बोटं कामातून गेली, तुम्ही ध्यान ठेवा. बाया हळहळतात, कोणी हसतातही. एवढी कामाची बाई आणि असा बावळटपणा कसा केला, असं म्हणतात. मी मान हलवते. माझ्याच घरात, तुझ्याच ढेकीपाशी, तुला बावळट ठरवून मी बायांना हुशार केलं.

सुतार मघाशी जाताना विचारत होता, "हे खुंटी फेकू काय, बाई?" मी ती त्याच्या हातातून ओढूनच घेतली. तो बिचारा बघत राहिला. आता ती माझ्या मांडीवर आहे. दिवेलागण झाली आहे आणि कंदील लावायला हवा. उद्या एक नवी बाई येणार आहे, तिची बारा-तेरा वर्षांची पोरगी घेऊन. दोघींना मिळून काम हवं आहे. ढेकी पुन्हा उभी राहील, आणि सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघतील. हे पत्र पाठवायला ठिकाण नाही, तेव्हा ते खुंटीबरोबर तुझ्या जुन्या सुपाखाली ठेवीन. पण लिहायला बसले ते ज्यासाठी, ते अजून लिहिलंच नाही. तू 'दे' म्हणाली नव्हतीस, माय. दारात बांगडीवाली आली होती आणि मी तिच्या टोपलीत बघत होते.