मुरलेल्या लाकडाचा भुसा

प्रिय दादा,

वहिनीकडून कळलं, तू आणखी दोन पोती भुसा पाठवणार आहेस. आधी हे पत्र वाच, मग करवतीला हात लाव.

तू मला कोळसेवाली म्हणून चिडवतोस ते खोटं नाही. घरातली पहिली पदवीधर दिवसभर भुसाच भाजते! हवा न लागू देता भट्टीत भाजायचा, काळी पूड चाळायची, धातूच्या पातळ पत्र्यावर लेप द्यायचा. हा आमच्या बॅटरीचा अ‍ॅनोड. चार्ज करताना सोडियम त्यात शिरतं, वापरताना बाहेर पडतं. दर फेरीला कोळसा जरासा फुगतो, आकसतो, शेवटी तडकतो. ओल्या लाकडाच्या दाराचं पुढे काय होतं, ते तुला मी काय सांगणार?

बाजारच्या भुशाचे सेल तीनशे फेऱ्यांत मान टाकायचे. म्हणून तुला मुरलेल्या लाकडाचा भुसा मागितला. तू पिशवी पाठवलीस, सोबत चिठ्ठी: ‘भुसा तो भुसा, त्याची कुळकथा विचारू नकोस.’ मीही विचारली नाही. ते सेल दोन हजार फेऱ्या टिकले. प्रयोगशाळेतले आमचे सर माझ्यापाशी येऊन आकडे पुन्हा पुन्हा बघत राहिले. आता तोच भुसा आणखी मिळाला तर माझी इथली जागा दोन वर्षं पक्की, हे तुला मीच हौसेनं कळवलं. तिथेच चुकले.

काल पिशवीचा तळ चाळताना बोटभर ढलपी निघाली. एका अंगाला लाकूड आवळून धरणाऱ्या शिकंज्याच्या दातांचे वण, दुसऱ्या अंगाला पेन्सिलीची रेघ आणि तिच्यावर फुली. बाबांची फुली. सुतारकामाच्या टेबलावर आखलेलं माप चुकलं की तिथेच मारायचे. रेघ चुकली तर फुली मारावी, चुकीच्या रेघेवर करवत चालवू नये, असं तुला दटावायचे आणि मी शेजारी बसून हसायचे.

वहिनीला फोन केला. ती म्हणाली, बाबांचं टेबल अर्धंच उरलंय, महिनाभर हे जमिनीवर बसून रंधा मारतायत, तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय. तिच्यावर रागावू नकोस.

आज सकाळी सरांना सांगितलं, हा भुसा पुन्हा मिळणार नाही. एका घरातल्या एकाच टेबलातून होणारा अ‍ॅनोड जगाच्या काय कामाचा? तो का टिकला हे मला अजून कळलेलं नाही. ते साध्या, कुणालाही मिळेल अशा लाकडातूनच शोधावं लागेल. सर नाराज आहेत. जागा राहील की जाईल, ठाऊक नाही. नोंदवहीतल्या पुढच्या आराखड्यावर मी फुली मारली. ढलपी मात्र भाजली नाही, पत्रासोबत पाठवतेय. जिथली असेल तिथे सरस लावून बसव. आणि उरलेलं अर्धं टेबल राहू दे, दादा. तेवढंच मागायला हे पत्र लिहिलं.

तुझीच,
कोळसेवाली