कंत्राटदाराशी माझं नातं नाही

३ डिसेंबर
युरोपियन युनियननं पैसे मंजूर केले! आमच्या रुमानियन खेड्यात नळ येणार. जन्मभर बायकांनी विहिरीवरून बादल्या वाहिल्या. आता टाकीवर सरपंच म्हणून माझं नाव. सोबत अटींचं बाड आलंय, एकशे बारा पानं. चाळलं. सगळं समजलं.

५ डिसेंबर
कचेरीच्या सेक्रेटरी झाम्फिराबाई म्हणाल्या, कलम नऊ वाचा. कंत्राटदाराशी संबंध असेल तर कळवायचं, नाहीतर पैसे परत. म्हटलं, पाइपवाला पांतेलिमोन ना माझा भाऊ, ना भाचा. त्याच्या लग्नात चर्चमध्ये धर्मबाप म्हणून उभा राहिलो, एवढंच. म्हणाल्या, त्याच्या पोरांची नावंही तुम्हीच ठेवलीत. म्हटलं, त्याला उपकार म्हणतात. सही ठोकली: ‘संबंध नाही’.

९ डिसेंबर
तीन निविदा हव्यात. आणल्या: पांतेलिमोन, सिल्विऊ, ओविदिऊ. तिघेही धर्मपुत्र. पण एक्केचाळीस जोडप्यांचा धर्मबाप मीच. परका आणू कुठून? स्पर्धा चोख झाली. हरलेल्या दोघांनी आभार मानले.

१६ डिसेंबर
तपासनीसबाई येणार. तारीख मी सुचवायची. डोकं लढवलं: चोवीस. नाताळच्या आदल्या दिवशी कोणाला घरी पळायची घाई नसते? बायको साव्हेता म्हणाली, अहो, चोवीसला? जरा आठवून बघा. तिला राजकारणातलं काय कळतंय.

२४ डिसेंबर, दुपार
तपासनीसबाईंनी माझ्या घरी बसून फाइल पाहिली, ठीक म्हणाल्या, सहीला पेन उघडलं. तेवढ्यात फाटक वाजलं. आज धर्मपुत्र धर्मबापाला पाव आणून देतात! बत्तीस वर्षं खातोय, आणि नेमकं आजच विसरलो.

पुढे पांतेलिमोन, परातीएवढा पाव घेऊन. वाकून माझ्या हाताचा मुका घेतला. मागे सिल्विऊ, ओविदिऊ, मग रांगच. बाईंना म्हटलं, प्रेमळ गाव आहे. त्यांनी विचारलं, हे तुमचे कोण? पांतेलिमोन छाती फुगवून म्हणाला, कोण म्हणजे? आमचा धर्मबाप, सख्ख्या बापाच्या वरचा! सिल्विऊला राहवेना. म्हणाला, बाईसाहेब, निविदासुद्धा बाबांनीच लिहून दिली, आम्हाला कुठं येतंय.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मी पाव पुढे केला, तोही घेऊन गेल्या नाहीत.

८ जानेवारी
युनियनचं पत्र. मी खुर्ची सोडली आणि निविदा नव्यानं मागवल्या तर पैसे राहतील, नाहीतर परत. उद्या गावसभा. मी निर्धास्त. एक्केचाळीस जोडपी, ब्याऐंशी हात. गाव नळ सोडेल, बापाला सोडणार नाही.

९ जानेवारी
रुबाबात विचारलं, मी जावं असं कोणाला वाटतं? त्यांनी हात वर करा.

झाम्फिराबाईंनी मोजले. ब्याऐंशी. पांतेलिमोन गळ्यात पडून रडला. म्हणाला, बाबा, कंत्राट माझंही गेलं, पण पाणी हो, पाणी! मला वाईट वाटलं. फार वाटलं.

झाम्फिराबाई म्हणाल्या, थांबा, त्र्याऐंशी. मागच्या बाकावर साव्हेता हात वर करून बसली होती. मी बघतोय हे दिसलं, तरी तिनं तो खाली घेतला नाही.