दुसरा नट

रविवार, संध्याकाळ. सोनपेठ.

आज तळ्यात माझ्या रिमोटच्या बोटीचा पंखा पुन्हा गळून पडला. पुढे नीट जाते, पण मागे घेतली की नट सैल होतो आणि पंखा पाण्यात. हा तिसरा. माझंच चुकतंय का? नट तर जोर लावून आवळला होता.

घरी येऊन शेवटचा पंखा शाफ्टवर बसवत होते. अण्णा, माझे आजोबा, बाजेवरून बघत होते. जन्मभर पंप दुरुस्त केलेला माणूस, पण लकवा झाल्यापासून पान्ह्याला हात लावला नाही. एकदम म्हणाले, "एकच नट हाय का? त्याच्यावर दुसरा चढव. खालचा धरून वरचा आवळ. उलटं फिरलं तरी सुटत न्हाई."

"तुमीच आवळा की अण्णा."

मी खालचा नट धरला. त्यांनी डाव्या हाताने वरचा आवळला. लय वेळ लागला. मग टबात बोट कितीदा तरी मागे-पुढे पळवली. दोन्ही नट जागेवर!

"उद्या तळ्यावर मी बी येतो," अण्णा म्हणाले.

आजारपणानंतर पहिल्यांदाच ते घराबाहेर पडायचं बोलले. मी लगेच बोट पुसून दारापाशी नेऊन ठेवली.