माळ्यावरचे बूट

अहो,

माझे बूट सापडले. माळ्यावर रजयांखाली लपवलेत खरे, पण एक लेस बाहेर लोंबत होती. चोरी करावी तर नीट करावी!

मैत्रिणींबरोबर किल्ल्यावर निघालेय. गेल्या खेपेला तुम्हाला शब्द दिला होता, म्हणून शेवटच्या दरवाज्याशीच बसून राहिले. त्या तिघी वरचा पडका बुरूज बघून आल्या आणि मी त्यांच्या पिशव्या राखल्या. आज तुम्ही पुन्हा शब्द मागाल, म्हणून उठायच्या आत निघतेय. गुडघा माझा आहे, त्याच्याशी माझं बोलणं झालंय.

जेवण झाकून ठेवलंय. गोळी जेवल्यावर घ्या, आधी नको.

फारच काळजी वाटली तर या मागून. पिशव्या राखायला माणूस हवाच आहे.