विश्वकर्म्याचा शेंदूर आणि माझा प्राइमर

बेहाला, कोलकाता

प्रिय मंजुषा,

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. एवढं आईंना वाचून दाखव, पुढचं तुझ्यासाठी.

आमच्या कारखान्यातल्या प्लास्टिकला कुठलाच गोंद धरत नाही. समुद्रातले शिंपले लाटांतही खडक सोडत नाहीत. त्यांची युक्ती उचलून केलेला प्राइमर मी गोंदाआधी लावतो. शुक्रवारची चाचणी जमली, तरच आमचा विभाग राहणार होता.

तुझ्या पूजेवर टोमणे मारतो ना? विश्वकर्मा पूजेला मीच, कोणी बघत नाही असं पाहून, प्राइमर लावलेल्या तुकड्यांचा ट्रे देवापुढे ठेवला. पुरोहितांनी यंत्रांबरोबर त्यांनाही तेल-शेंदूर लावला. नवे करायला वेळ नव्हता, म्हणून पुसून घेतले.

शुक्रवारी जोड सालपटासारखे सुटले. पूजेत झेंडूखाली झाकला गेल्याने तेल न लागलेला एकच तुकडा यंत्रालाही सुटेना. साहेब म्हणाले, "जोशीजी, एक से क्या होता है?" महिनाअखेर विभाग बंद.

आणखी एक संधी मागायची तर शेंदराचं सांगावं लागेल. उद्या सांगतो. या वयात मला दुसरं कोण ठेवून घेणार?

आपल्या सईचा खोकला थांबला का? माझ्यासाठी देवाला हात जोड. तेल मात्र लावू नकोस.

तुझा,
नचिकेत